वावधनात टिना उडतात, हनुमान मात्र उभाच

राम राम मंडळी. मागच्या मे महिन्यात आमच्याकडे असं वावधन आलं बाप्पा, गोठ्यावरच्या टिना उडून थेट शेजाऱ्याच्या वावरात आणि धुऱ्यावरचा जुना कडुनिंब मुळासकट आडवा. आठ दिवसांनी नांदुऱ्यावरून गेलो, तर हायवेला तो १०५ फुटी हनुमान जसाच्या तसा उभा. टपरीवाला म्हणे, देवच आहे तो, त्याला काय होते. खरं आहे भाऊ, पण त्यात इंजिनिअरचंही डोकं असते थोडं.

वाऱ्याचा वेग डबल झाला की धक्का डबल नाही, चौपट होतो. टिनाखाली हवा शिरली की टिन उडालंच समजा. मोठ्या मूर्तीला मात्र मुद्दाम थोडं हलू देतात. न्यूयॉर्कचा लिबर्टीचा पुतळा १८८६ चा, वरचा तांब्याचा पत्रा अडीच मिलिमीटरही नाही, पण आत आयफेल टॉवरवाल्या आयफेलनं लोखंडी सांगाडा दिलाय, ताशी ८० किलोमीटरचं वारं सुटलं की अख्खी बाई तीन इंच डुलते आणि हातातली मशाल सहा इंच! गुजरातचा सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा, त्याच्या पोटात तर २५० टनांची दोन वजनं बसवलीत, पुतळा इकडं झुकला की ती तिकडं ओढतात. झोक्यावरच्या पोराला उलट्या टायमाला धक्का दिला की झोका मंदावतो ना, तसंच.

भूकंपाचं वेगळं. ऱ्होड्स बेटावरचा जुना पुतळा इसवी सनापूर्वी २२६ च्या सुमारास भूकंपात मोडला, तोही म्हणे गुडघ्यातून, म्हाताऱ्या माणसासारखा. विजेनं ब्राझीलमधल्या रिओच्या येशूच्या पुतळ्याचा अंगठा २०१४ मध्ये फोडला.

पण मला विचाराल तर वावधनापेक्षा गंज वाईट. लिबर्टीत तांबं आणि लोखंड एकमेकांना लागले, ओल आली, लोखंडाच्या पट्ट्या गंजून फुगल्या, शेवटी १९८४ ते ८६ मध्ये स्टेनलेस स्टीलच्या घालाव्या लागल्या. सिमेंटचंही तसंच, बारक्या चिरेतून पाणी गेलं की आतली सळाख फुगते आणि वरचं सिमेंट सोलून टाकते. आमच्या घराच्या सज्ज्याचं हेच झालंय, सळाख उघडी पडलीय, तीन वर्षं झाली नुसता बघतोय. औंदा पाऊस लागायच्या आत करून घ्यायचं होतं, पण मिस्त्री काही फोन उचलत नाही.