गोल उडणाऱ्या विमानाची टाकी

(दृश्य: नाशिकच्या तपोवनाजवळचं मोकळं मैदान, सकाळ. मधे उभ्या उडवणाऱ्याच्या हातातल्या दोन तारांवर घिरट्या घालणारं मॉडेल विमान.)

आवाज ऐका. सुरुवातीला इंजिन एका सुरात चालतंय. टाकी निम्मी झाली की सूर चढू लागतो, शेवटच्या फेऱ्यांत कर्कश होतो आणि इंजिन तापतं. कडेला उभा असलेला कुणीतरी हमखास सांगतो, ‘नीडल थोडी उघड.’ नीडल म्हणजे इंजिनात जाणारं इंधन कमीजास्त करणारा सुईसारखा स्क्रू. पण नीडलवर राग काढण्याआधी टाकी उघडून बघायला हवी.

तार वीस मीटरची आणि फेरी पाच सेकंदांची असेल, तर विमान ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास धावतं. त्या वेळी टाकीतलं इंधन गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट जोराने बाहेरच्या भिंतीवर दाबलं जातं. विमानाचा डावा पंख उडवणाऱ्याकडे असतो, म्हणून इंधन उजवीकडे जमतं. ओढनळीचं, म्हणजे टाकीतून इंजिनाकडे इंधन नेणाऱ्या नळीचं, तोंड त्यामुळे उजव्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यात हवं.

आता खरी गंमत. इंधन संपत जातं तशी त्याची पातळी बाहेर सरकते. ती तीन सेंटीमीटर सरकली, तरी इंजिनाला जणू नऊ सेंटीमीटर जास्त खोलीतून इंधन खेचावं लागतं. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि सूर चढतो. यावरचा उपाय म्हणजे युनिफ्लो. हवेची नळी टाकीच्या आत ओढनळीच्या तोंडाजवळ नेऊन सोडायची, बाहेरचं टोक समोरच्या वाऱ्याकडे ठेवायचं आणि भरताना वापरलेली दुसरी नळी उडण्याआधी टोपण लावून बंद करायची. मग हवेचा दाब कायम त्याच जागी लागतो, पातळी कुठेही असो. इतकी साधी आणि इतकी सुंदर युक्ती मला या छंदात दुसरी दिसलेली नाही.

(दृश्य: पत्र्यावर कथलाचा डाग.)

टाकी डब्याच्या पातळ पत्र्याची, नळ्या तांब्याच्या. तांबट लेनच्या शहरात डाग द्यायला शिकवणारा हात शोधावा लागत नाही. डाग दिल्यावर टाकी पाण्यात बुडवून फुंकायची. एक बुडबुडा दिसला तरी पुन्हा डाग. वापरलेली टाकी मात्र आधी नीट धुऊन, वाळवूनच तापवायची. इंधनातल्या मिथेनॉलची वाफ पेट घेते आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही.

राहिली उंची. टाकीची मध्यरेषा नीडलच्या पातळीत ठेवून सुरुवात करायची. चार फेऱ्या सरळ, चार फेऱ्या उलट्या, विमानाचं पोट वर करून. उलटं उडताना इंजिन जास्त वेगाने फिरलं, तर टाकी वर बसली आहे, ती खाली घ्या. संथ झालं, तर वर उचला. एका वेळी दीड मिलिमीटरचं पॅकिंग पुरे. आणि प्रत्येक बदलानंतर नीडल नव्याने लावायची, कारण जुनी खूण आता उपयोगाची नाही.