फुगलेलं आतडं आजारी नसतंच! हिर्शस्प्रुंगचं ऑपरेशन नेमकं काय असतं?

तर मंडळी, हिर्शस्प्रुंग नावाचा आतड्याचा जन्मजात आजार असलेल्या बाळांचा एक्स-रे बघितला तर कोणीही म्हणेल की आतड्याचा जो भाग टम्म फुगलाय तिथेच गडबड आहे. पण गडबड असते त्याच्या खाली, जो भाग बारीक आणि अगदी ठीकठाक दिसतो ना, तिथे!

हा आजार साधारण ५००० बाळांमागे एकाला होतो. होतं काय, गर्भात असताना आतड्याच्या नसांच्या पेशी वरून खाली सरकत येतात आणि या बाळांमध्ये त्या शेवटपर्यंत पोचतच नाहीत, मग खालचं आतडं आवळलेलंच राहतं, सैल पडत नाही, शी अडकते आणि वरचं चांगलं आतडं फुगत जातं. म्हणून ४८ तासांत बाळाला पहिली काळी शी झाली नाही, पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, तर वाट बघत बसायचं नाही. पक्कं निदान मात्र बायोप्सीनेच, म्हणजे आतड्याचा छोटासा तुकडा काढून तपासूनच.

आता बघा, १८८६ मध्ये डॉक्टर हिर्शस्प्रुंग यांनी हा आजार मांडला, आणि नंतर कितीतरी वर्षं सर्जन फुगलेल्या भागाच्याच मागे लागलेले. १९४८ मध्ये स्वेन्सन आणि बिल या सर्जननी खालचा भाग काढून वरचं आतडं गुदद्वारापाशी ओढून जोडलं, तेच पुल-थ्रू. पुढे दुहामेल, सोआवे यांच्या पद्धती आल्या, आणि आता बऱ्याच बाळांचं ऑपरेशन गुदद्वारातूनच होतं, लागली तर दुर्बिणीची मदत.

मला यातला सगळ्यात भारी भाग वाटतो तो म्हणजे बाळ टेबलावर भुलीत असतानाच आतड्याचा इवलासा तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जातो, तो गोठवून, काप काढून मायक्रोस्कोपखाली बघतात, आणि पेशी नीट दिसल्या तरच तिथून जोड. नुसत्या नजरेवर इथे कोणी विसंबत नाही. बाळ फारच आजारी असेल किंवा आतडं खूपच फुगलं असेल तर आधी पोटावर स्टोमा करतात, म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर उघडतात आणि शी तिथून बाहेर येते, पुल-थ्रू नंतर.

ऑपरेशननंतर सुरुवातीला शी वारंवार होते, ढुंगण लालेलाल होतं, तिथे क्रीम लावत राहायचं. काहींना पुढे बद्धकोष्ठही राहतं. पण ताप, फुगलेलं पोट, फवाऱ्यासारखी घाण वासाची जुलाबाची शी आणि मलूल पडलेलं बाळ, हे एंटेरोकोलायटिस, म्हणजे आतड्याला आलेली गंभीर सूज, असू शकतं, जिवावर बेततं, आणि ऑपरेशन उत्तम झालेल्या मुलालाही होतं, त्यामुळे रात्र असो की सुट्टी, थेट हॉस्पिटल गाठायचं आणि आधीच सांगायचं, याचं हिर्शस्प्रुंगचं ऑपरेशन झालंय.