नवतप्यातलं ओव्हरक्लॉकिंग

(दर्यापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

फळ्यावर विषय लिहिलाय, ‘घरच्या कॉम्प्युटरचं ओव्हरक्लॉकिंग : फायदे आणि धोके’. मागची पोट्टी त्यासाठीच आलीत. पुढच्या रांगेतले काका कशासाठी आलेत तेही मला ठाऊक आहे. चहा शेवटी आहे काका, बसा.

कंपनीनं प्रोसेसरचा जो वेग ठरवून दिला, त्याच्यापेक्षा जास्त वेगानं तो पळवायचा, हे ओव्हरक्लॉकिंग. पण त्याआधी मला दुसरंच बोलायचंय. आपल्याकडचे कितीतरी कॉम्प्युटर मे महिन्यात, त्यातही नवतप्याच्या नऊ जाळत्या दिवसांत, कंपनीनं दिलेल्या वेगानंसुद्धा चालत नाहीत. पैसे मोजून घेतलं ते वसूल नाही, अन् आम्ही वरचं मागायला निघालो!

मी दुरुस्तीचं काम करतो. ऐन सीझनमध्ये एका जिनिंगमधून बोलावणं आलं. नाव सांगत नाही, त्यांचे सोयरे इथं बसलेले असायचे. गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, अन् आत मुनीमजी कपाळाला हात लावून. ‘भाऊ, वजनाची एक काटापट्टी निघेपर्यंत माणूस चहा पिऊन येते. शेतकरी मलेच शिव्या देतात.’ शेठचा पोरगा पुण्याला शिकतो. त्यानं फोनवरच निदान करून ठेवलं होतं : प्रोसेसर थकला, ओव्हरक्लॉक करा. आता त्या मशीनचा प्रोसेसर कुलूपबंद जातीचा, त्याचा वेग वाढवायची सोयच नाही. हे फोनवर दिसत नाही.

मी झाकण उघडलं. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा म्हणजे हीटसिंक, त्याच्या पात्यांमध्ये रुई अशी ठासून बसलेली, की गादीवाल्याला बोलावावं. पंखा बिचारा फिरत होता, पण हवा जाईल कुठून? प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की जीव वाचवायला स्वतःच वेग उतरवतो. त्याला थ्रॉटलिंग म्हणतात. म्हणजे मशीन आजारी नव्हतं, शहाणपणानं वागत होतं. मी ब्रशनं रुई काढली, ब्लोअर मारला. मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा बरं का, नाहीतर भन्नाट फिरून बेअरिंग जातं. प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारा लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, वाळून खडूसारखी झाली होती, ती पुसून नवी लावली. चालू केल्यावर पट्ट्या भराभर निघायला लागल्या. मुनीमजी विचारतात, ‘आत काय टाकलं?’ म्हटलं, टाकलं काहीच नाही, काढलं. मग शेठनं बिल पाहिलं. ‘कचरा काढायचे एवढे पैसे काहून?’ पुढच्या सीझनला देतो म्हणाले. सीझन आला, गेला. कापसाचा भाव पडला की माझं बिल पडतं, अन् चढला की शेठला वेळ नसतो. असो.

आता कूलर. एका बहाद्दरानं कॅबिनेटची बाजू काढून थेट कूलरसमोर मशीन ठेवलं. कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताटीतून येणारी हवा थंड असते, हे कबूल. पण बाबा, आपण खारपाणपट्ट्यात राहतो! त्या हवेबरोबर बारीक तुषार उडतात. पाणी सुकतं, क्षार बोर्डावर राहतात. कूलरच्या जाळीवर जी पांढरी खपली बसते, तीच मला त्याच्या रॅमच्या खाचेत सापडली. कूलरनं खोली थंड करा, मशीनवर झोत नको. अन् खिडकी उघडी ठेवा, कोंडलेल्या खोलीत कूलर नुसती दमट हवा फिरवतो.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. भजनी मंडळही येऊन बसलंय. तर मूळ विषय, घाईघाईत.

फायदा एकेकाळी खराच मोठा होता. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. ३०० मेगाहर्ट्झचा तो प्रोसेसर. बोर्डाचा बस स्पीड, म्हणजे ज्याच्या पटीत प्रोसेसर पळतो तो मूळ ठेका, ६६ वरून १०० केला की बरेच नग ४५० वर सुखानं चालायचे. दीडपट वेग, फुकट! आता प्रोसेसर गरजेनुसार आपोआप वेग चढवतो, त्याला टर्बो म्हणतात; त्या नावाखाली कंपन्या तो रस स्वतःच पिळून देतात. आपल्या हाती थोडंच उरतं, अन् गेममध्ये अडसर ग्राफिक्स कार्डाचा असेल तर तेवढंही दिसत नाही.

हिशेब बघा. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, अन् व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग १० टक्के वाढवला अन् त्यासाठी व्होल्टेजही १० टक्के चढवलं, तर उष्णता ३३ टक्के वाढते. साध्या पंख्याचा हीटसिंक खोलीच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही. डिसेंबरात १५ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७० वर थांबतो, तोच त्याच कामाला ४० अंशांच्या खोलीत ९५ च्या घरात जातो. थंडीत पास झालेली सेटिंग नवतप्यात नापास. करायचंच असेल तर दोन प्रोफाइल ठेवा, उन्हाळी अन् हिवाळी.

प्रोसेसर भडकन जळेल ही भीती सोडा, आजकाल तो त्याआधी स्वतःच बंद होतो. खरा धोका मुकाट होणाऱ्या चुकीचा. मशीन चालू दिसतं, अन् एखादी फाइल बिघडलेली असते. म्हणून मेमरी तपासणारा मेमटेस्ट प्रोग्रॅम रात्रभर चालवा, अर्थात लाइन राहिली तर. दुसरा धोका जास्त व्होल्टेजनं हळूहळू होणाऱ्या झिजेचा. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर मालकानं हात न लावताही जादा व्होल्टेजनं अस्थिर झाले. कंपनीला मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचना, बदलाव्या लागल्या, वॉरंटी आणखी दोन वर्षं वाढवावी लागली. तुम्ही स्वतः व्होल्टेज चढवलं तर वॉरंटीचं तुमचं तुम्ही बघा. आणि स्वस्तातला बिननावाचा पॉवर सप्लाय, त्यात आपली वरखाली होणारी लाइन. तिथं ओव्हरक्लॉकिंगचं नावच काढू नका. लॅपटॉपवाल्यांनी तर हा विषय सोडूनच द्यावा.

माझं मत विचाराल तर उलटं करा : वेग तोच ठेवून व्होल्टेज थोडं उतरवा. उष्णता कमी होते, टर्बो जास्त वेळ टिकतो. रॅमवर ३२०० लिहिलंय अन् ती २१३३ वर चालतेय का, तेही बघा, बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी ही रॅमला तिचा लिहिलेला वेग देणारी सोय चालू केली की झालं. हेही ओव्हरक्लॉकिंगच, पण बापडं.

सेटिंग फसून मशीन उठलंच नाही, तर घाबरू नका. वायर काढा, बोर्डावरचा सीआर २०३२ सेल काढून थोड्या वेळानं परत बसवा, बायोस मूळ पदावर येतं. मात्र तारीखही पुसली जाते, ती आधी नीट करा. नाहीतर ब्राउझरमध्ये बँकेची साइट उघडत नाही, अन् पोट्टे मला फोन करतात की व्हायरस आला.