‘तुम्ही सरकारी का?’

जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात दोन पोलिसांच्या मध्ये बसलेल्या या कच्च्या कैद्यापुढे वकीलपत्र धरलेले आहे. शाई लागलेला अंगठा कागदापर्यंत येतो आणि तिथेच थबकतो. ‘‘तुम्ही सरकारी का?’’ एवढेच तो वकिलांना विचारतो.

ही शंका खुळी नाही. कोर्टाच्या भाषेत ‘सरकारी वकील’ म्हणजे आरोप सिद्ध करायला उभा राहणारा वकील. आणि विधी सेवा प्राधिकरणाने आरोपीला विनामूल्य दिलेल्या वकिलालाही बराकीत ‘सरकारी’च म्हटले जाते. ज्यांनी पकडून आणले त्यांनीच दिलेला माणूस आपल्या बाजूने कसा बोलेल, या धास्तीने कित्येक कुटुंबे दागिने मोडून खासगी वकील करतात.

वास्तविक ही मदत म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मोफत विधी साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकणारा अनुच्छेद ३९-अ राज्यघटनेत आला. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ मध्ये अमलात आला आणि त्याच्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, वकील मागता येतो. घडून गेलेल्या गोष्टीविषयी आशिलाने विश्वासाने सांगितलेले त्याच्या संमतीवाचून उघड करण्यास कायद्याने वकिलाला मनाई आहे, मग वकील फी घेणारा असो वा प्राधिकरणाने नेमलेला. मात्र हे सांगायला निवांत जागा आणि वेळ लागतो.

तो वेळच मिळाला नाही तर काय होते, हे मध्य प्रदेशातील खंडव्याने २०१३ मध्ये पाहिले. बालिकेवरील अत्याचार आणि खुनाच्या त्या खटल्यात ज्या दिवशी आरोपीला वकील नेमून दिला, त्याच दिवशी दोषारोप ठेवले गेले आणि पंधरवड्यात फाशी सुनावली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती शिक्षा रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला, आणि जन्मठेप किंवा फाशी होऊ शकणाऱ्या खटल्यांत अशा वकिलाला तयारीसाठी किमान सात दिवस मिळावेत, असे बजावले. पुढे २०२४ मध्ये तो आरोपी निर्दोष सुटला.

व्हरांड्यात वकिलांनी पोलिसांना चार पावले मागे सरकण्याची विनंती केली आहे. आता ते कैद्याच्या शेजारी बाकावर बसून आरोपपत्र हलक्या आवाजात वाचून दाखवत आहेत. चौथ्या पानावर तो हात आडवा धरतो. ‘‘हे मी म्हटलेलंच नाही, साहेब.’’ वकील समासात पेन्सिलीने खूण करतात आणि पुढे वाचू लागतात. वाचून संपेपर्यंत अंगठ्यावरची शाई वाळून गेलेली असते. पॅड पुन्हा उघडावे लागते.