देवघरातला दिवा आणि ४० मीटरचा पट्टा

[दृश्य: नागपुरातील एका घराची गच्ची, सकाळचे सात. आवाज: रेडिओतील एकसुरी घरघर.]

ही घरघर विजांची नाही. वळवाचे ढग जमले की रेडिओत जो कडकडाट होतो त्याला हौशी रेडिओवाले क्यूआरएन म्हणतात, आणि तो थांबेपर्यंत वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. आत्ता ऐकू येणारा आवाज मात्र माणसाने निर्माण केलेला आहे, त्यामुळे त्याचा माग काढता येतो.

मे महिन्यातील एका सकाळी ४० मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे ७ ते ७.२ मेगाहर्ट्झच्या दरम्यान, कोणीही बोलत नसताना माझ्या रिगच्या, म्हणजे संदेश घेण्या-देण्याच्या रेडिओ संचाच्या, एस मीटरचा (येणाऱ्या लहरींची ताकद दाखवणाऱ्या मापकाचा) काटा ७ वर जाऊन बसला होता. हिवाळ्यात याच वेळी तो २ वर असे. या मीटरची एक पायरी ६ डेसिबलची धरली जाते. म्हणजे पाच पायऱ्यांचे ३० डेसिबल झाले, आणि ३० डेसिबल म्हणजे शक्तीत १००० पट वाढ. एरवी सहज ऐकू येणारी पुण्या-हैदराबादकडची मंडळी त्याखाली पार बुडून गेली होती.

दोष शेजाऱ्यांचा निघावा, अशी माझी मनोमन इच्छा होती. रिग १२ व्होल्टच्या बॅटरीवर घेतली, घराचा मेन स्विच पाडला, तरी काटा फारसा हलला नाही, आणि मी निर्दोष सुटल्याच्या आनंदात चहा घेतला. दुसऱ्या दिवशी लक्षात आले की मेन पडताच इन्व्हर्टरने हॉल आणि देवघर आपल्याकडे घेतले होते. इन्व्हर्टरही बंद केला तेव्हा काटा ३ वर उतरला. मग वीज सुरू करून एकेक एमसीबी वर केला. हॉलचा वर करताच काटा ५ वर आणि देवघराचा वर करताच पुन्हा ७ वर गेला.

[दृश्य: टेबलावर उघडलेला अडॅप्टर, जवळून.]

हा हॉलमधील सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर आहे. बॉक्स रिमोटने बंद केला तरी हा चालूच राहतो. घरातील २३० व्होल्टच्या विजेचे आधी डीसी करून मग ती सेकंदाला हजारो वेळा तोडायची आणि जोडायची, असे त्याचे काम असते. या तोडजोडीच्या तीक्ष्ण कडांतून मूळ वारंवारतेच्या पटींवर मेगाहर्ट्झपर्यंत आवाज उमटतो, आणि घराचे वायरिंग अँटेनासारखे तो बाहेर फेकते. रिगच्या पडद्यावर त्याच्या ठरावीक अंतराने उभ्या रेघा दिसतात आणि अडॅप्टर तापत जाईल तशा त्या हळूहळू सरकतात. आता सर्किटच्या पाटीवरची ही जागा पाहा: येथे चोक, म्हणजे असा आवाज अडवणारे तारेचे वेटोळे, बसवायचा, असे चिन्ह छापलेले आहे, आणि चोकऐवजी तारेचे दोन तुकडे डाखले आहेत. काही रुपये वाचवण्याची ही रीत मला आजही संतापजनक वाटते.

देवघरातील अपराधी होता देवापुढचा इवलासा एलईडी दिवा. तो अहोरात्र जळत असल्यामुळे त्याला कोणी उपकरण समजतच नव्हते. दिवा विझवायचा नाही, असे आईने बजावले. तेव्हा तेथे तारेचा जुना झिरोचा बल्ब लावला, ज्यात तोडजोड करणारे काहीच नसते.

उरलेल्या आवाजासाठी खिशातला एएम रेडिओ घेऊन गल्लीत उतरलो. शहरात ५८५ किलोहर्ट्झवरील आकाशवाणी एवढ्या जोरात लागते की तिच्या जवळपास काही कळत नाही. रेडिओचा काटा दूर, रिकाम्या जागी न्यावा लागतो. रेडिओतील फेराइट दांडीचे, म्हणजे त्याच्या आतल्या अँटेनाचे, टोक उगमाकडे वळले की आवाज सर्वांत क्षीण होतो. असे दोन-तीन ठिकाणांहून पाहत गेलो, तो शेजारच्या पोर्चमध्ये चार्जिंगला लावलेल्या स्कूटरपाशी पोहोचलो.

"काकू, हा चार्जर पाच मिनिटं बंद करून पाहू का?"

"काहून रे, अजून रेडिओ ऐकतो का तू?"

काकूंना रेडिओ कानाशी धरून फरक ऐकवला. चार्जरच्या वायरीचे ३१ क्रमांकाच्या मिश्रणाच्या, असा आवाज अडवणाऱ्या फेराइट कड्यावर आठ वेढे घातले. अवरोध साधारण वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वायरीवर नुसता फेराइटचा चिमटा बसवून ७ मेगाहर्ट्झला फारसे काही साधत नाही.

[आवाज: जवळजवळ शांत पट्टा. मधूनच खरखर.]

ही खरखर सेकंदाला १०० ठोक्यांची आहे. ती चौकातील विजेच्या खांबाकडून येते. ढिल्या जोडणीत ठिणग्या पडत असाव्यात, कारण कोरड्या वाऱ्यात ती वाढते आणि पाऊस पडताच थांबते. खांबाला हात लावणे माझे काम नाही. तारीख, वेळ आणि हवा वहीत नोंदवून तक्रार दिली आहे; वहीचे सातवे पान सध्या भरत आले आहे.