गवताला आधी ऊन द्या

मंडळी, आजचा विषय ‘फुटबॉलचं मैदान : नैसर्गिक हिरवळ की कृत्रिम टर्फ’. दुखापती, पर्यावरण आणि खर्च अशा तिन्ही अंगांनी मी बोलणार, असं पत्रिकेत छापलंय. बोलणार आहेच. पण एक गोष्ट फार दिवस डोक्यात घोळतेय, ती आधी सांगू द्या. हा वाद आपण कायम खाली मान घालून घालतो, पायाखाली काय आहे ते बघत. माझं म्हणणं असं की, आधी वर बघा. छपराकडे बघा. मोठ्या स्टेडियममध्ये गवत का गेलं याचा शोध घेतला, तर पुष्कळ ठिकाणी त्याचं ऊन आधी गेलेलं दिसतं.

याची सुरुवात फुटबॉलमध्ये झालीच नाही, बेसबॉलमध्ये झाली. १९६५ साली अमेरिकेत ह्यूस्टनला ॲस्ट्रोडोम उभं राहिलं. एवढं प्रचंड बंदिस्त स्टेडियम तोवर जगात नव्हतं. आत खरं गवत लावलं होतं आणि त्याला ऊन मिळावं म्हणून छपराला पारदर्शक तावदानं बसवली होती. कल्पना उत्तम! पण दिवसाच्या सामन्यात चेंडू उंच उडाला की, तावदानांच्या लखलखाटात तो खेळाडूंना दिसेना. झेल सुटायला लागले. मग तावदानांना रंग फासला. चेंडू दिसायला लागला आणि गवत मेलं. त्या हंगामाचे उरलेले सामने मेलेल्या गवताला आणि मातीला हिरवा रंग मारून खेळवले. खरंच, मातीला रंग! पुढच्या वर्षी, १९६६ला, मॉन्सँटो कंपनीचा नायलॉनचा गालिचा आला आणि स्टेडियमच्या नावावरून त्याला ‘ॲस्ट्रोटर्फ’ म्हणायला लागले. आता मला सांगा, या सगळ्यात गवताचा काय गुन्हा? त्याला अंधारात कोंडलं आणि ते जगलं नाही म्हणून प्लास्टिक आणलं.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. १९९४चा फुटबॉल विश्वचषक, अमेरिकेतलं पाँटिअॅक सिल्व्हरडोम. तेही बंदिस्त, कापडी छपराचं. उजेड इतका कमी की, आत गवत वाढणं शक्यच नव्हतं. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या गवताच्या अभ्यासकांनी काय केलं? मोठमोठे षटकोनी ट्रे बनवले, स्टेडियमबाहेर गाड्या लावायच्या जागेत उघड्या उन्हात त्यांत हिरवळ वाढवली आणि सामन्यांआधी ते ट्रे आत नेऊन एकमेकांना जोडले. षटकोन कशासाठी? एकमेकांत फट न राहता बसतात आणि चौकोनासारखे टोकदार कोपरेही येत नाहीत. त्या हिरवळीवर चार सामने झाले. ब्राझील तिथे स्वीडनशी १-१ बरोबरीत खेळला. विश्वचषकाचे सामने छपराखाली व्हायची ती पहिलीच वेळ, आणि तेही खऱ्या गवतावर.

हे लक्षात ठेवा, कारण आता जे सांगतोय त्याचा मला आजही राग येतो. २०१५चा महिला विश्वचषक कॅनडात झाला. सहा स्टेडियम आणि सहाही ठिकाणी कृत्रिम टर्फ. पुरुषांचा एकही विश्वचषक अशा मैदानावर झालेला नाही. एकवीस वर्षांपूर्वी पुरुषांसाठी बंद घुमटात ट्रे भरभरून गवत नेता आलं आणि महिलांसाठी उघड्या मैदानातसुद्धा नेता आलं नाही? ॲबी वॉमबाक, नादिने आंगेरर, मार्ता अशा खेळाडूंनी कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या मानवाधिकार न्यायाधिकरणाकडे तक्रार केली. स्पर्धा तोंडावर आली, आयोजक काही हलेनात, आणि जानेवारी २०१५मध्ये त्यांना ती मागे घ्यावी लागली. त्याआधी सिडनी लरू या अमेरिकन खेळाडूने टर्फवर खेळून रक्ताळलेल्या आपल्या पायांचा फोटो सगळ्यांना दाखवला होता. इथे गोलरक्षक कोण कोण आहेत? हात वर करा. हं, तुम्हाला वेगळं सांगायला नको. झेपावल्यावर मांडीची साल निघते ती कशी, हे बाकीच्यांना चहाच्या वेळी तुम्हीच सांगा.

आणि उष्णता! जिवंत गवत पाणी बाहेर टाकतं, त्या बाष्पाने ते थंड राहतं. प्लास्टिकला ती सोय नाही. त्याच स्पर्धेत एडमंटनला सलामीच्या सामन्यात हवा सुखद होती आणि टर्फच्या पृष्ठभागाचं तापमान ४९ अंशांच्या घरात गेल्याच्या बातम्या होत्या. त्यावर नव्वद मिनिटं धावायचं.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. म्हणजे पत्रिकेतला विषय आता धावत घ्यावा लागणार.

दुखापती. यान एकस्ट्रांड या स्वीडिश डॉक्टरांच्या गटाने २००६मध्ये युरोपातल्या क्लबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकूण दुखापतींत मोठा फरक दिसला नाही, पण कृत्रिम मैदानावर घोटा मुरगळण्याचं प्रमाण जास्त निघालं. नंतरचे अभ्यास दोन्ही बाजूंनी बोलतात. तेव्हा ‘टर्फ म्हणजे गुडघे गेले’ असं सरसकट बोलू नका. खेळाडू नाखूश आहेत ते चेंडूच्या उसळीवर, पायाखालच्या पकडीवर, दुसऱ्या दिवशी ठणकणाऱ्या सांध्यांवर. या गोष्टी दुखापतींच्या तक्त्यात येत नाहीत, पण मी खेळाडूंचं म्हणणं खरं मानतो.

पर्यावरण. आजच्या टर्फमध्ये पात्यांच्या मधे जुन्या टायरांचा रबरी चुरा भरतात, एका पूर्ण मैदानाला शंभर टनांच्या आसपास. तो बुटांतून, मोज्यांतून, पावसाच्या पाण्यातून बाहेर जातो. युरोपीय संघाने २०२३मध्ये नियम केला, ऑक्टोबर २०३१पासून अशा चुऱ्याच्या विक्रीवर बंदी. पण गवतही काही साधू नाही. पाणी पितं, खत खातं, आणि सावलीतल्या स्टेडियममध्ये त्याच्यावर दिवे लावून वीज जाळावी लागते. पुन्हा छप्पर आलंच बघा!

खर्च. टर्फवर सकाळपासून रात्रीपर्यंत खेळता येतं, गवताला विश्रांती लागते. म्हणून सरावाला आणि शाळकरी मुलांना टर्फ द्यायला माझी अजिबात हरकत नाही. नॉर्वेचं बोडो आर्क्टिक वर्तुळाच्या पलीकडे आहे, हिवाळ्यात तिथे सूर्य जेमतेम डोकावतो. तिथला क्लब टर्फवर खेळतो आणि २०२१मध्ये त्याने इटलीच्या रोमा क्लबला ६-१ हरवलं. तिथे ऊन कुणी चोरलेलं नाही, मुळातच नाही. माझं भांडण बोडोशी नाही. इंग्लंडमध्ये १९८१ला क्वीन्स पार्क रेंजर्स क्लबने टर्फ घातलं आणि १९८८ला काढलं. नेदरलँड्सच्या वरच्या लीगने २०२५-२६पासून ते बंद केलं, स्कॉटलंडच्या क्लबांनी २०२६-२७पासून बंद करायचं ठरवलं. ही माणसं वापरून बघून मागे फिरलीत.

आता २०२६चा पुरुष विश्वचषक. ठरलेल्या सोळा स्टेडियमपैकी आठांत एरवी टर्फ असतं, तिथे नैसर्गिक हिरवळ अंथरायची अशी अट. त्यांतलं ह्यूस्टनचं स्टेडियम तर जुन्या ॲस्ट्रोडोमच्या अगदी शेजारी आहे. म्हणजे जमत नाही असं नाही. जर्मनीत गेल्सेनकिर्शनला २००१पासून अख्खं मैदान स्टेडियमबाहेर सरकवून उन्हात ठेवतात. लंडनच्या टॉटनहॅम क्लबच्या स्टेडियममध्ये हिरवळ तीन तुकड्यांत प्रेक्षागृहाखाली आत-बाहेर करते. मातीत वीस सेंटिमीटर खोल कृत्रिम धागे शिवून त्यांच्याभोवती गवताची मुळं घट्ट धरू द्यायची, ही संकर पद्धत तर आता सर्रास झाली आहे.

पण हे सगळे नंतरचे इलाज. माझी मागणी आधीची आहे. स्टेडियमचा नकाशा मंजूर करताना मैदानाच्या कुठल्या भागावर कुठल्या महिन्यात किती तास ऊन पडेल, याचा तक्ता सक्तीने मागा. संगणकावर सहज निघतो. तो बघायला गवत जाणणारा माणूस पहिल्या बैठकीपासून बसवा. खुर्च्या, खासगी कक्ष, जाहिरातींचे पडदे हे सगळं त्या तक्त्यानंतर ठरू द्या.

वेळ संपली. संकर मैदानाच्या देखभालीवर कुणाला विचारायचं असेल तर तो प्रश्न आधी घेऊ.