अक्का, यूचं झाड आणि क्रोहर्स्टचं चर्च

नमस्कार मंडळी. कोजागिरीला रात्रभर तुळजापूरला चालत जाणारी आपण माणसं, त्यामुळं मी आज इंग्लंडातल्या तासा-सव्वा तासाच्या चालीबद्दल बोलणार म्हणल्यावर तुम्ही हसणार. हसा. पण ऐका.

लेक तिकडं नोकरीला आहे, तर मी आणि आमची थोरली बहीण, अक्का, नवरात्राच्या आधी तिच्याकडं गेलो होतो. लंडनच्या दक्षिणेला सरे नावाचा भाग आहे, तिथं लिंगफील्ड स्टेशनला उतरायचं आणि शेताशेतातनं चालत क्रोहर्स्ट गावाला जायचं. गाव कसलं, चार घरं, आणि सेंट जॉर्जचं जुनं चर्च. आता गंमत बघा, ही पायवाट लोकांच्या खाजगी शेतातनं जाते आणि तिच्यावरनं चालायचा हक्क कायद्यानं सगळ्यांना आहे, शेतकऱ्याला ती अडवता येत नाही. आपल्याकडं बांधावरनं वाट मागितली की तहसीलदारापर्यंत प्रकरण जातं आणि दोन भाऊ जन्मभर बोलत नाहीत. माझं तर मत आहे की पाणंद रस्ते आधी मोकळे करा, हायवे नंतर करा. असो, विषय तो नाही.

चर्च लहानसं. भिंती जुन्या, त्यातला काही भाग 12व्या शतकातला, म्हणजे इकडं सिद्धरामेश्वरांनी तळं खोदवलं त्याच शतकातला. दार नुसतं लोटलेलं, आत कुणी नाही, एक वही ठेवलेली, नाव लिहा आणि जा. बाहेर कबरस्तान, पण कबरस्तान म्हणवत नाही इतकी झाडी, कबरीचे दगड तिरके झालेले, त्यावर शेवाळं, अक्षरं वाचता येत नाहीत.

आणि त्या सगळ्यात एक यूचं झाड. यू म्हणजे सूचिपर्णी, कायम हिरवं, इंग्लंडातल्या कितीतरी जुन्या चर्चच्या आवारात दिसतं. ह्याच्या बुंध्याचा घेर तीसेक फूट आणि बुंध्याला चक्क दार बसवलंय, लाकडी, बिजागरीचं! आतनं पोकळ आहे ते. 1820 मध्ये गावकऱ्यांनी आतलं लाकूड कोरून काढलं तेव्हा तोफेचा गोळा सापडला म्हणतात, यादवी युद्धातला असावा. वय कुणी 4000 वर्षं सांगतं, पण यू आतनं पोकळ होत जातो, वलयं मोजायला राहतच नाहीत, त्यामुळं हे आकडे अंदाजाचेच. चर्चपेक्षा म्हातारं असणार, एवढं मात्र पटतं.

आता मुख्य गोष्ट. आमच्या अक्काची एक खोड आहे, फळ दिसलं की तोंडात. लहानपण मोहोळकडच्या रानात बोरं खाण्यात गेलं, त्याचा परिणाम. आवाराच्या कडेला दुसरा एक लहान यू होता, त्याला लालचुटुक, पिटुकली फळं लागलेली. मी आपला दगडावरची नावं वाचायच्या खटपटीत, आणि मागं बघतो तर अक्कानं एक तोडून खाल्लंसुद्धा! तेवढ्यात पलीकडं पानं गोळा करणारे एक म्हातारबाबा हातातला दाताळा तसाच वर धरून ओरडत पळत आले. अक्काला इंग्रजी येत नाही, तिला वाटलं फळ चोरलं म्हणून मारायलाच आले. ती म्हणते, "अरे, एकच घेतलं की रे, सांग त्यांना, पैसे देऊ म्हण!"

बाबा म्हणतायत बी, बी, बी कुठंय? मी अक्काला विचारलं. अक्कानं शांतपणे मूठ उघडली. तळहातावर अख्खी बी. चावलेली नाही, काही नाही. बोरं खाणारी बाई हो, बी दातानं फोडायची नाही हे तिच्या अंगातच भिनलेलं. बाबांनी ती बी उन्हाकडं धरून बघितली, उलटीपालटी केली, मग असा श्वास सोडला म्हणता!

यूचं पान विषारी, साल विषारी, बी विषारी. परत सांगतो, पान, साल, बी, सगळं विषारी. हृदयाची लय बिघडते, आणि त्यावर उतारा नाही. फक्त तो लाल गर तेवढा बिनविषारी, पण म्हणून कुणी चव बघायला जाऊ नका, सगळ्यांचं लहानपण बोरं खाण्यात गेलेलं नसतं. आणि ह्याच यूच्या पानांपासून डोसेटॅक्सेल नावाचं कॅन्सरचं औषध बनवतात, अमेरिकेतल्या यूच्या सालीत पॅक्लिटॅक्सेल सापडलं. घरातल्या कुणाला घेऊन बार्शीला किंवा मुंबईला फेऱ्या मारल्या असतील तर ही नावं तुमच्या कानावरनं गेली असणार.

मग बाबांनी अक्काला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि ते बुंध्याचं दार उघडून दाखवलं. अक्का आत डोकावली, म्हणाली, "आमची अख्खी भिशी मावंल की ह्यात." हे मी इंग्रजीत कसं सांगणार? सांगितलंच नाही.

तोवर अक्कानं पिशवीतनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. कुणाला खायला घातल्याशिवाय सोडायचं नाही, ही दुसरी खोड. (कडक भाकरी आठ-आठ दिवस टिकते आणि लोक प्रवासाला बिस्किटं नेतात, मला हे कधी कळलेलं नाही.) त्या शांत जागेत भाकरी कडाकडा मोडायचा आवाज कसा होत असेल, करा कल्पना. बाबांनी तुकडा हातात घेतला, त्यावरच्या लालभडक चटणीकडं बघितलं, मग अक्काकडं बघितलं आणि मला हळूच विचारलं, "ह्यातलं काय थुंकायचं असतं?"

अक्काला सांगितलं तर ती इतकी हसली, इतकी हसली. बाबांनी सगळं खाल्लं, डोळ्यातनं पाणी आलं तरी खाल्लं, आणि जाताना पुडीतली उरलेली चटणी मागून घेतली.

कुणाची मुलंबाळं तिकडं असतील आणि जायचं झालं, तर लंडन ब्रिज किंवा व्हिक्टोरियावरनं ईस्ट ग्रिनस्टेडची लोकल धरा, लिंगफील्डला उतरा. लिंगफील्ड, विसरू नका. चप्पल घालून जाऊ नका, पावसानंतर तिथल्या शेतात घोट्याएवढा चिखल असतो, आणि अक्काची एक चप्पल अजून तिथंच आहे.